अटलांटिकच्या अलीकडे

लास पाल्मासच्या मरीनात, म्हणजे शिडाच्या बोटींच्या बंदरात, नोव्हेंबरात जागा मिळणं मुश्किलच. ग्रान कनारिया हे स्पेनचं बेट, नकाशात मात्र ते स्पेनपेक्षा आफ्रिकेच्या कितीतरी जवळ आहे. युरोपातून अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांकडे जाणाऱ्या शिडाच्या बोटी ऑक्टोबरपासून इथे गोळा व्हायला लागतात. १९८६ पासून दरवर्षी इथून 'एआरसी' (अटलांटिक रॅली फॉर क्रूझर्स) नावाची रॅली निघते. तिच्या बोटींसाठी धक्के आधीच राखून ठेवलेले असतात, आणि आमच्यासारख्या एकेकट्या बोटी शेजारच्या आल्काराव्हानेरास पुळणीसमोर नांगर टाकून थांबतात. यंदाची रॅली सुटली तेव्हा आम्ही बोटीच्या कॉकपिटमध्ये, सुकाणूजवळच्या उघड्या जागेत, उभं राहून शेवटचं शीड दिसेनासं होईपर्यंत बघत होतो. त्यानंतर मरीना निम्मी रिकामी झाली आणि आम्हाला धक्क्यावर जागा मिळाली.

आम्ही म्हणजे नवरा, मी आणि एकोणचाळीस फुटांची, आमच्या आधी दोन घरं फिरून आलेली बोट. नवऱ्याची नोकरी व्यापारी जहाजांवर, इंजिनरूममध्ये गेली. मी कोकणातली, माझं माहेर दापोली तालुक्यात हर्णैजवळ. समुद्र दोघांच्याही ओळखीचा, पण दोघांनी मिळून महासागर ओलांडायची ही पहिलीच वेळ. रॅलीबरोबर का गेला नाहीत, असं घरचे फोनवर विचारतात. त्याचं उत्तर शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. अझोर्स बेटांच्या आसपास हवेचा उच्च दाब बसलेला असतो आणि त्याच्या दक्षिण अंगाने ईशान्येचे व्यापारी वारे वाहतात. नोव्हेंबरात हा दाब अजून अस्थिर असतो. उत्तरेकडून एखादं वादळ खाली घसरलं की तो मोडतो, आणि चार-पाच दिवस वारा तोंडावर येतो किंवा पडतोच. डिसेंबर लागला की वारे हळूहळू बसायला लागतात. हरिकेनचा मोसमही ३० नोव्हेंबरला संपला असं धरतात. आम्हाला कुणाच्या तारखेला पोचायचं नाही, म्हणून आम्ही वाऱ्याच्या तारखेला निघणार.

जुने खलाशी सांगत, लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा आणि मग पश्चिमेला वळा. आजही वाट तीच. इथून आधी केप व्हर्द बेटांच्या रोखाने नैर्ऋत्येला उतरायचं, पक्का वारा लागला की शीड त्याच्याकडे द्यायचं आणि सरळ बार्बाडोस. एकूण साधारण २,७०० सागरी मैल, म्हणजे पाच हजार किलोमीटर. आमची बोट दिवसाला सव्वाशे मैल निवांत कापते. तीन आठवडे लागतील असा अंदाज आहे, सामान मात्र सहा आठवड्यांचं भरलंय.

या बंदरात असं थांबून तयारी करणं फार जुनं आहे. १४९२ च्या ऑगस्टमध्ये कोलंबसही इथेच अडकला होता. त्याच्या 'पिंता' या जहाजाचं सुकाणू मोडलं होतं, ते दुरुस्त केलं. 'नीन्या' या दुसऱ्या जहाजाची तिकोनी शिडं उतरवून तिथे चौकोनी चढवली, कारण पुढे वारा पाठीमागून येणार होता आणि पाठीमागच्या वाऱ्याला चौकोनी शीड बरं. मग ६ सप्टेंबरला याच द्वीपसमूहातल्या ला गोमेरा बेटावरून तो निघाला. त्याच्या मागोमाग कॅरिबियन बेटांवरच्या माणसांवर जे गुदरलं ते आठवलं की त्याच्याबद्दल कौतुकाने लिहावंसं वाटत नाही. पण शहराच्या जुन्या भागातून, वेगेता नावाच्या पेठेतून चालताना मला त्याच्या सुतारांची आठवण येते. सुकाणू आणि शीड, हीच दोन कामं आजही इथल्या प्रत्येक बोटीवर चालली आहेत. आम्हीसुद्धा पुढच्या शिडासाठी एक लांब दांडी बसवून घेतली आहे. पाठीमागून वारा आला की शीड फडफडतं, आपटतं. त्याचा कोपरा या दांडीने बाहेर ताणून धरला की ते भरून राहतं. एका बाजूला मोठं शीड, दुसऱ्या बाजूला हे, आणि बोट पंख पसरून चालते.

समुद्रावरच्या तयारीबद्दल लोक बोलतात तेव्हा वादळाचा विषय आधी काढतात. मला या दिवसांत दुसरी एक गोष्ट जास्त जाणवते. महासागराच्या मध्यावर मदतीला कुणी येणार नाही. किनाऱ्यावरून उडालेलं हेलिकॉप्टर काहीशे मैलांपलीकडे पोचू शकत नाही. आमच्याकडे ईपर्ब आहे, संकटात ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देणारं यंत्र. ते चालू केलं की बचाव केंद्राला आमची जागा कळेल, आणि केंद्र जवळपासच्या जहाजाला वळवेल. जवळपास म्हणजे एक दिवसावर, कधी तीन दिवसांवर. नौदलातले तेव्हाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांचं उदाहरण आम्हा सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतं. २०१८ च्या सप्टेंबरात एकट्याने जगाची फेरी मारायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, हिंदी महासागराच्या दक्षिणेकडे त्यांच्या बोटीची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार बसला. ते बंकवर पडून राहिले. भारतीय नौदलाच्या विमानाने त्यांना शोधलं, पण एक फ्रेंच जहाज त्यांच्यापर्यंत पोचायला तीन दिवस लागले. तोच माणूस २०२२ च्या शर्यतीला परत उभा राहिला आणि २०२३ मध्ये दुसरा आला. त्याआधी, २०१२-१३ मध्ये, 'म्हादेई' या शिडाच्या बोटीवरून त्यांनी एकट्याने कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. 'म्हादेई' गोव्यात, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. २००९-१० मध्ये नौदलाचेच दिलीप दोंदे हिच्यातूनच एकट्याने जग फिरून आले होते. आपल्या मांडवीच्या काठावर बांधलेली बोट दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न वळसून येते, हे मला धीर द्यायला पुरेसं होतं. पुढे 'तारिणी'वरून नौदलातल्या मुली दोनदा गेल्या. दुसऱ्या वेळी, २०२४-२५ मध्ये, दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच होत्या. दोघांच्या बोटीवर पाळ्या कशा लागतात, झोप कशी तुटते, हे आता मला थोडंफार कळायला लागलंय, म्हणून त्या दोघींबद्दलचा आदर आणखी वाढतो.

कुणी येणार नाही म्हटल्यावर बोटीवरच्या प्रत्येक वस्तूकडे बघायची नजर बदलते. हे तुटलं तर काय? ते तुटलं तर कशाने बांधू? माझं तर असं मत झालंय की तयारी म्हणजे ओळख. कुठली गोष्ट कुठे आहे, कशाने धरलेली आहे, कुठे घासते, हे हाताला ठाऊक असायला हवं. डोक्याला ठाऊक असून भागत नाही. रात्री तीन वाजता, बोट हिंदकळत असताना, डोकं अर्धं झोपेत असतं.

डोलकाठीवर चढायचं काम माझ्याकडे आहे, कारण मी वजनाला हलकी आणि खाली दोरी ओढणारी विंच फिरवायला नवऱ्याच्या दंडात जोर. कापडी पाळण्यासारखी एक बैठक असते, तिला शीड चढवायची दोरी बांधायची, आणि दुसरी एक दोरी जादा आधाराला कमरेच्या पट्ट्याला. सोळा मीटर वर गेलं की मरीना लहान होते आणि खालचे आवाज ऐकू येईनासे होतात. फक्त वाऱ्याची शीळ आणि खालून नवऱ्याचं "बास का?" वर टोकाला पोचल्यावर सुरुवात करायची आणि एकेक सांधा तपासत खाली यायचं. डोलकाठीला चहूबाजूंनी धरणाऱ्या तारा स्टेनलेस स्टीलच्या एकोणीस पदरांच्या असतात. त्या तारेचं टोक एका नळीत दाबून बसवलेलं असतं, आणि बहुतेक बिघाड त्या नळीच्या तोंडाशी होतो. स्टील वरून चकचकीत दिसतं आणि आतून थकतं. मी भिंग घेऊन बघते: केसाएवढी चीर आहे का, गंजाचा तपकिरी ओघळ आलाय का. मग एक टिश्यू पेपर तारेवरून सावकाश खाली ओढायचा. पदर तुटला असेल तर त्याचं टोक कागदाला पकडतं.

उजव्या बाजूच्या खालच्या तारेवर कागद अडकला. परत ओढला, परत तिथेच अडकला. बोट लावून बघितलं तर एक पदर, शिवणाच्या सुईच्या टोकाएवढा, बाहेर आलेला. एकोणीसातला एक. खाली उतरून नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, फक्त टूलबॉक्स बंद केली आणि डोलकाठीच्या तारांचं काम करणाऱ्या रिगिंगवाल्याला फोन लावला. रिगिंगवाला वर जाऊन आला आणि म्हणाला, एक तुटला म्हणजे बाकीचे अठरा त्याच वयाचे आहेत. दोन्ही बाजूंच्या खालच्या तारा बदलल्या. बजेटला मोठं भगदाड पडलं, पण त्या कागदाच्या तुकड्याला मी जन्मभर विसरणार नाही. तो पदर इथे सापडला, नाहीतर तिकडे मध्यावर अख्खी डोलकाठी घेऊन गेला असता.

एवढ्या मोठ्या डोलकाठीला शेवटी धरून ठेवते ती स्प्लिट पिन. तारेचं टोक एका जाड पिनेवर अडकवलेलं असतं आणि ती पिन निसटू नये म्हणून तिच्या भोकात ही बारीक दुपदरी तार घालून तोंडं वाकवायची. ती फार वाकवली तर आणीबाणीत काढता येत नाही, कमी वाकवली तर हलून हलून निघून जाते. मी प्रत्येकीला हात लावून आले. त्यांच्यावर टेप गुंडाळली, नाहीतर त्या शीड फाडतात.

आणि घासणं. वादळापेक्षा मला आता याची जास्त काळजी वाटते. पाठीमागच्या वाऱ्यात बोट या कुशीवरून त्या कुशीवर सतत लोळत असते. दर पाच सेकंदांनी एकदा म्हटलं तरी चोवीस तासांत सतरा हजारांवर वेळा. प्रत्येक वेळी प्रत्येक दोरी त्याच कप्पीवर, त्याच कडेवर दोन बोटं पुढेमागे सरकते. नवी कोरी, बोटाएवढी जाड दोरी अशी दोन-चार दिवसांत तुटल्याचे किस्से धक्क्यावर रोज ऐकायला मिळतात. उपाय साधाच आहे. रोज दोरी हातभर सैल करायची किंवा ओढायची, म्हणजे घासण्याची जागा बदलते. जिथे कड लागते तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा किंवा चामडं शिवायचं. मी आठवडाभर सुई, मेणाचा दोरा आणि चामडं घेऊन बसले होते. त्यात वर इथे 'कलिमा' येते, सहाराच्या वाळवंटातली धूळ वाऱ्यावर उडत थेट बेटांवर उतरते. आकाश पिवळं होतं आणि सगळ्या दोऱ्यांवर लालसर पीठ बसतं. ती धूळ दोरीच्या आत शिरली की सँडपेपरचं काम करते. म्हणून सगळ्या दोऱ्या उतरवून गोड्या पाण्यात धुतल्या. धक्क्यावर पाणी मुबलक आहे तोवर ही चैन.

बोटीच्या तळाला भोकं असतात, हे ऐकून आई घाबरली होती. पण असतात. बेसिनचं पाणी बाहेर जायला, इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यायला, संडासाला. प्रत्येक भोकावर एक झडप, आणि प्रत्येक झडपेशेजारी त्याच मापाचं, निमुळतं, मऊ लाकडाचं बूच सुतळीने बांधून ठेवलेलं. झडप मोडली तर ते ठोकायचं, लाकूड फुगतं आणि भोक बंद होतं. मी आणि नवरा संध्याकाळी दिवे मालवून, डोळे मिटून ही बुचं शोधायचा सराव करतो. इंजिनाशेजारचं माझ्या हाताला सुरुवातीला सापडत नव्हतं, आता थेट हात जातो.

स्वयंपाकघराबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तिथे माझा जीव आहे.

पहिला नियम: पुठ्ठा बोटीत आणायचा नाही. पुठ्ठ्याच्या पन्हळीत झुरळांची अंडी असतात, आणि झुरळ एकदा बोटीत शिरलं की ते आपल्यापेक्षा जास्त देश बघतं. म्हणून सगळं धक्क्यावरच खोक्यातून काढायचं, डब्यांत भरायचं आणि खोकी तिथेच टाकायची. दुसरा नियम डबाबंद टिनांचा. त्यांची कागदी लेबलं काढून टाकायची आणि झाकणावर मार्करने नाव लिहायचं. टिन ठेवायचे तळाशी, तिथे ओल असते. लेबल सुटलं की त्याचा लगदा होतो आणि तो तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपात जाऊन अडकतो. पंप नेमका हवा तेव्हा बंद.

अंडी इथल्या दुकानात फ्रिजबाहेर ठेवलेली मिळतात, न धुतलेली. कधीच गार न केलेली अंडी महिनाभर सहज टिकतात, फक्त दर दोन-तीन दिवसांनी उलटी करायची, म्हणजे आतलं बलक एका बाजूला चिकटत नाही. कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या कोपऱ्यांत, शेजारी ठेवले की बटाट्यांना लवकर कोंब येतात. कोबी, लाल भोपळा, गाजरं, लिंबं. केळी म्हणाल तर ही बेटं केळ्यांचीच, आणि अख्खा घड बोटीच्या मागे टांगलेला फोटोत फार छान दिसतो. पण तो सगळा दोन दिवसांत एकदम पिकतो, म्हणून मी वेगवेगळ्या कच्च्या-पिक्क्या फण्या घेतल्या.

लास पाल्मासमध्ये सिंधी व्यापाऱ्यांची घरं शंभर वर्षांहून जुनी आहेत. आगबोटी कोळसा भरायला इथे थांबत, त्या काळापासून हे लोक बंदराभोवती दुकानं थाटून आहेत. सांता कातालिना बागेजवळच्या एका दुकानात मी तूरडाळ, मूग, पोहे आणि हिंग मागितला तेव्हा गल्ल्यावरच्या काकांनी हिंदीत विचारलं, "बेटा, कितने लोगों के लिए?" बोटीवर दोघांसाठी, म्हटल्यावर त्यांनी हिंगाची डबी स्वतः उघडून, वास घेऊन, बाजूला ठेवली आणि आतून दुसरी ताजी आणून दिली. पैसे देऊन निघाले तर दारापर्यंत आले आणि पोचल्यावर कळव म्हणाले. परक्या देशात, अनोळखी माणसाने असं म्हणणं मला फार लागून राहिलं.

मोड आलेले मूग हा माझा हुकमाचा भाजीपाला. शिडाच्या बोटींच्या इतिहासात स्कर्व्हीने, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, जितकी माणसं नेली तितकी वादळांनी नेली नसतील. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने आजारी खलाशांना वेगवेगळे उपाय देऊन पाहिले आणि संत्री-लिंबं खाल्लेले बरे झाले. तीन आठवड्यांत कुणाला स्कर्व्ही होत नाही, त्याला दोन-तीन महिने लागतात. पण दुसऱ्या आठवड्यानंतर ताटात काहीतरी हिरवं, करकरीत असलं की माणूस ताळ्यावर राहतो असं इथले सगळे सांगतात. मुगाच्या दाण्यात नावापुरतं असलेलं 'क' जीवनसत्त्व मोडात वाढतं, आणि त्याला लागतं पेलाभर पाणी आणि एक फडकं. पाँटूनवरच्या, म्हणजे तरंगत्या धक्क्यावरच्या, एका जर्मन आजींना मी पुरचुंडी बांधून दाखवली. त्या काचेच्या बरणीत जाळी लावून करायच्या. आता त्यांच्या बोटीतही सुती फडकं आहे.

शेगडी दोन खुंट्यांवर टांगलेली असते, बोट कितीही कलली तरी ती आडवी राहते. तरीही उकळतं भांडं उडतं, आणि समुद्रावर भाजणं ही फार वाईट दुखापत. म्हणून कुकर. झाकण घट्ट बसलेलं, सांडायची भीती नाही, गॅस निम्मा. गॅसची इथली नळकांडी पलीकडच्या बेटांवर भरून मिळतीलच असं नाही, तेव्हा प्रत्येक शिट्टी मोजून. इथल्या लोकांचं गोफियो मात्र मला थेट आजीकडे घेऊन गेलं. मका किंवा गहू भाजून दळलेलं पीठ, बेटांवरच्या मूळ रहिवाशांपासून चालत आलेलं. आपल्या सातूच्या पिठासारखंच. दुधात गूळ घालून कालवलं की झालं, चूल पेटवायला नको. खवळलेल्या समुद्रात पहिले दोन-तीन दिवस, पोट बसेपर्यंत, आम्ही यावरच काढणार. घरून आलेली आमसुलं, मेतकूट आणि आईचं लिंबाचं लोणचं वेगळ्या कप्प्यात आहे. त्याचा नंबर वहीत लिहिलेला नाही. बाकी सगळं लिहिलंय: कुठल्या कप्प्यात काय, किती, आणि काढलं की खोडायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात. आमचे पासपोर्ट भारतीय, त्यामुळे शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि बोटीवर राहणाऱ्याला हे ९० दिवस फार लवकर संपतात. बंदरातल्या पोलिसांकडे जाऊन निर्गमनाचा शिक्का घ्यावा लागतो, आणि तो मारला की निघावंच लागतं. बार्बाडोसला आपल्याला व्हिसा लागत नाही. दोघंही दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. पाँटूनवरचं निम्मं गाव या महिन्यात त्याच खुर्चीत बसून येतं, कारण समुद्राच्या मध्यावर दाढ ठणकली तर तिला दुसरा उपाय नाही.

रोज संध्याकाळी पाठीवर पिशव्या लावलेली विशीतली मुलं-मुली पाँटूनवरून फिरतात आणि प्रत्येक बोटीला विचारतात, माणूस हवाय का? विमानाने जायचं नाही, वाऱ्यावरच जायचं, असं ठरवून ती युरोपभरातून इथे आलेली असतात. तिसरा माणूस असला तर रात्रीच्या पाळ्या सोप्या होतात. आम्ही खूप विचार केला. दोघांची पाळी तीन-तीन तासांची, म्हणजे तीन आठवडे सलग झोप नाही. पण तिसऱ्याचं पाणी, तिसऱ्याचा जीव, आणि तीन आठवडे जिथून उतरता येत नाही अशा जागी अनोळखी माणूस. शेवटी दोघांनीच जायचं ठरलं. सुकाणू धरायला विंडव्हेन आहे. बोटीच्या मागच्या टोकाला एक पातळ पातं उभं असतं. बोट वाऱ्यापासून ढळली की वारा त्या पात्याला आडवं करतो, पातं पाण्यातल्या दुसऱ्या पात्याला वळवतं, आणि वाहत्या पाण्याच्या जोराने ते सुकाणूच्या दोऱ्या ओढतं. वीज लागत नाही, थकत नाही. नवऱ्याने आयुष्यभर हजारो अश्वशक्तीची इंजिनं सांभाळली, पण या यंत्रासमोर तो हात जोडून उभा राहतो. मला ते दृश्य फार आवडतं.

हर्णैला १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या ओढून वर घेतलेल्या असतात. लहानपणी मी त्या दोन महिन्यांना सुट्टी समजायचे. आता कळतं की तो वर्षातला सगळ्यात कामाचा काळ होता. जाळी विणणं, फळ्या बदलणं, फटी भरणं, रंग. तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख, होडीभोवती फिरत प्रत्येक फळीवर बोटांनी टकटक करायचे आणि आवाज ऐकायचे. मग नारळी पौर्णिमा. आम्हीही बाजारातून एक नारळ आणलाय. तिथी ती नाही, पण सगळे समुद्र एकमेकांत मिसळलेलेच आहेत, आणि मला तो नारळ वाहिल्याशिवाय निघायचं नाही.

आता आमच्या यादीत दोन रकाने आहेत: याशिवाय निघता येणार नाही, आणि याशिवाय निघता येईल. पहिल्या रकान्यात फार काही उरलेलं नाही. दुसरा बार्बाडोसपर्यंत सोबत येईल, त्याचं मला दुःख नाही. हवामानाच्या नकाशात अझोर्सचा दाब आता जागेवर बसलेला दिसतोय आणि पुढचे आठ दिवस ईशान्येचा वारा पंधरा ते वीस नॉट, म्हणजे तासाला तितके सागरी मैल, दाखवतोय. बेटांच्या मधल्या खिंडींतून तो दाबून, जास्त जोराने सुटतो आणि बेटाच्या दक्षिणेला आडोशात साफ पडतो, म्हणून आम्ही पहाटे निघून दिवसाउजेडी पूर्व किनाऱ्याने खाली उतरायचं ठरवलंय. परवा सकाळी. उद्या पोलिसांकडे शिक्का, मग ताजा कोबी आणि पाव. आज रात्री पाण्याच्या टाक्या भरायच्या आहेत, आणि मोठ्या शिडाच्या दोरीचं वरचं टोक हातभर कापून नवी गाठ मारायची आहे. नवरा खाली टॉर्च शोधतोय, आणि मला ती कुठे आहे ते माहीत आहे.